चोचीतला चारा

मराठीतला 'चारा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. गुरांपुढे टाकतात तो कडबा म्हणजे चारा, आणि पक्षीण पिलांसाठी चोचीतून आणते तोही चाराच. संतवाङ्मयात हा दुसरा चारा वारंवार येतो. सकाळी बाहेर पडलेली पक्षीण आणि घरट्यात तिची वाट पाहणारे उपाशी पिलू ही नामदेवांच्या अभंगातली प्रतिमा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. एकनाथी भागवतात अवधूताने गुरू मानलेल्या कपोताची कथा येते. तिथेही आईबाप चाऱ्यासाठी रानात गेलेले असताना पिले जाळ्यात सापडतात. या प्रतिमांवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्या चोचीत नेमके काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. भाष्यकाराला त्याची गरजही नसते. त्याला विरह हवा असतो, भूक हवी असते, वाट पाहणे हवे असते.

पण काव्य बाजूला ठेवून हाच मजकूर पक्षिनिरीक्षणाचा आणि पक्षिपालनाचा इतिहास म्हणून वाचायला घेतला, की प्रश्न उभा राहतो. आपल्या डोळ्यांपुढे येते ती दाणा घेऊन येणारी आई. जेवताना मुलाला 'एक घास चिऊचा' म्हणून भरवतो, तोही भाताचा घास असतो. मेणाच्या घरातली चिमणी दाराबाहेरच्या कावळ्याला बाळाची अंघोळ, बाळाचे काजळ अशी कारणे सांगत राहते, पण अळी शोधायला मात्र कधी बाहेर पडत नाही. प्रत्यक्षात चिमणी काय किंवा सुगरण काय, एरवी धान्यावर जगणारे हे पक्षी पिलांच्या पहिल्या दिवसांत त्यांच्या चोचीत मुख्यतः मऊ अळ्या, किडे आणि कोळी भरवतात. कपोताचा अपवाद मात्र सांगितला पाहिजे. पारव्याच्या जातीचे पक्षी पिलांना किडे आणत नाहीत. त्यांच्या अन्नपिशवीत दुधासारखा एक स्राव तयार होतो, तो ते पिलांना पाजतात. तेव्हा एकनाथांच्या कपोतीच्या चोचीत अळी नव्हती हे खरे, पण केवळ दाणाही नव्हता.

प्रस्तुत लेखाचा विषय तसा लहान आहे. पिंजऱ्यातल्या दाणेखाऊ पक्ष्याला, म्हणजे आज सर्रास 'फिंच' म्हणतात त्याला आणि त्याच्या आपल्याकडच्या भाईबंदांना, किडा चारावा लागतो. हे ज्ञान आपल्या परंपरेत कोणाजवळ होते, ते ग्रंथांत का उतरले नाही, आणि आज नाशिकसारख्या शहरात ते पुन्हा मिळवताना कोणत्या अडचणी येतात, एवढेच पाहायचे आहे.

प्रथम पिंजऱ्याकडे वळू. संस्कृत वाङ्मयात पिंजऱ्यांची वाण नाही. कामसूत्रातल्या नागरकाच्या घराबाहेर क्रीडापक्ष्यांचे पिंजरे टांगलेले असतात. पोपट-मैनेला बोलायला शिकवणे आणि लावे, कोंबडे, मेंढे यांच्या झुंजी लावणे या दोन्ही गोष्टी चौसष्ट कलांत गणलेल्या आहेत. मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकात विदूषक वसंतसेनेच्या वाड्यातला एकेक चौक पाहत जातो, त्यातला सातवा चौक पक्ष्यांचा आहे. तिथला पोपट दहीभाताने पोट भरलेल्या ब्राह्मणासारखा सूक्ते म्हणतो, मैना बडबडते, लाव्यांची झुंज लावली जाते. देवलांच्या मराठी 'मृच्छकटिका'मुळे हे नाटक आपल्या रंगभूमीवर रुळले, पण मूळ संहितेतल्या या चौकापाशी वाचकाने जरा थांबावे असे मला वाटते. तिथे प्रत्येक पक्ष्याचे अन्न किंवा काम सांगितले आहे. पोपटाबाबत अन्नाचाही उल्लेख आहे, आणि ते अन्न दहीभात आहे. अमरुशतकातला तो प्रसिद्ध पोपट आठवा. रात्री ऐकलेले शब्द तो सकाळी वडीलधाऱ्यांसमोर बोलू लागतो, तेव्हा लाजलेली वधू कानातल्या माणकाचा खडा डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते. श्लोकाची सारी गंमत एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे घरातल्या पक्ष्याला डाळिंब आवडते हे सगळ्यांना ठाऊक असणे.

थोडक्यात, साहित्यातला पिंजरा शाकाहारी आहे. त्यात फळे आहेत, भात आहे, दूध आहे. पोपटापुरते ते योग्यही आहे. पण पोपट हाच पाळीव पक्ष्याचा नमुना ठरला आणि त्याचे ताट इतरांच्या पुढे सरकवले गेले, अशी मला शंका येते. जैन आणि वैष्णव संस्कारांत वाढलेल्या घरात पक्ष्यासाठी मुद्दाम किडा मारणे ही कल्पनाच खपण्यासारखी नव्हती. पक्ष्यांना दाणे टाकणे हे पुण्य. त्याच हाताने वारूळ उकरून वाळवी गोळा करायची, तर पुण्याचा हिशेबच बिघडतो.

या पेचाची जाणीव परंपरेला मुळीच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. शिबी राजाची कथा आपण करुणेची कथा म्हणून सांगतो. महाभारताच्या वनपर्वात ती उशीनराच्या नावाने येते, आणि तिच्यातला ससाणा वाद घालतो. कबुतर हे माझे नेमून दिलेले अन्न आहे, ते तू काढून घेतलेस तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकामुले मरतील, मग एकाला वाचवून अनेकांना मारणारा हा तुझा धर्म कसला, असा त्याचा सवाल आहे. राजाला उत्तर सापडत नाही, म्हणून तो स्वतःचे मांस तागडीत घालतो. पक्ष्याला त्याचे नैसर्गिक अन्न देण्याचा प्रश्न आपल्या साहित्यात इतक्या रोखठोकपणे मांडलेला दुसरीकडे मला आढळला नाही. ससाण्याच्या जागी लाल मुनिया आणि कबुतराच्या जागी वाळवी ठेवून पाहिली, तर वाद लहान होतो, पण तोच राहतो.

मग किड्याचे ज्ञान कोणाजवळ होते? ज्यांनी पक्षी पकडले त्यांच्याजवळ. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पारध्याचे सापळे आपल्या तत्त्वज्ञानात सन्मानाने शिरले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेला पोपट येतो. नळी त्याच्या भाराने फिरते, तो उलटा लोंबकळतो, आणि कोणी धरलेले नसताना आपणच अडकलो असे समजून ती घट्ट पकडून ठेवतो. शुकनलिकान्याय म्हणून वेदान्तात रूढ झालेला हा दृष्टान्त म्हणजे एका फासेपारध्याच्या यंत्राचे अचूक वर्णन आहे. जाळे, फासा, नळी हे सारे रूपक म्हणून आले. पकडलेला पक्षी दुसऱ्या दिवशी काय खातो, हे मात्र आले नाही. बंधनाचे रूपक करता येते, पालनाचे तितके सोपे नसते, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण साधे आहे. लिहिणारा आणि पकडणारा हे कधीच एका पंगतीला बसले नाहीत.

मानसोल्लास या ग्रंथाचा इथे उल्लेख हवा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने तो सुमारे ११२९ ते ११३१ या काळात सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे माहीत असतो. पण राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकींत, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी आणि ससाण्यांची शिकार यांना त्यात स्वतंत्र जागा आहे. म्हणजे पक्षी सांभाळण्याची विद्या राजदरबारी ग्रंथविषय होऊ शकत होती. अट एकच, पक्षी झुंजणारा किंवा शिकारी असला पाहिजे. मूठभर वजनाच्या, दाणे टिपणाऱ्या मुनियेला राजाश्रय मिळण्याचे कारण नव्हते.

फासेपारध्यांची तित्तिर पाळण्याची रीत प्रसिद्ध आहे. पाळलेल्या तित्तिराचे बोलणे ऐकून रानातले तित्तिर फासाकडे येतात. अशा तित्तिराला वारुळातली वाळवी चारतात. वाळवी मऊ असते, भरपूर मिळते, आणि पिलांना तर तिच्यासारखे अन्न नाही. उत्तर भारतातल्या पिंजरेवाल्यांनी बुलबुल, शामा अशा गाणाऱ्या पक्ष्यांसाठी भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ तुपात मळून त्यात नाकतोडे मिसळण्याची पद्धत बसवली होती. हे सत्तूचे खाद्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज पक्षिपालकांनी त्यांच्याकडूनच उचलले. मराठीत या विद्येची नोंद व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित रूपात देशभर लागू करता येऊ लागला, तेव्हा पारध्यांसारख्या जमातींकडे पोलिसी नजरेनेच पाहिले गेले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण ती नजर लगेच बदलली नाही. या लोकांना ज्ञानाचे धनी मानून त्यांच्याजवळ बसणारा मराठी लेखक म्हणून मारुती चितमपल्ली यांचे नाव घ्यावे लागते. वनखात्यातल्या नोकरीच्या काळात त्यांनी आदिवासी आणि पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे, सवयी आणि शब्द गोळा केले. 'पक्षिकोश' त्यातून उभा राहिला. २०२५ मध्ये ते गेले. सोलापूरला २००६ मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तरी आपल्या साहित्यचर्चेत 'अरण्यलेखक' हे लेबल लावून त्यांना एका कोपऱ्यात ठेवण्याची सवय काही सुटली नाही. असो.

या लहान पक्ष्यांचा लेखी इतिहास बघायचा तर परदेशी प्रवाशांकडे जावे लागते. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात सुरतेला होता. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या वर्षी तो जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. अहमदाबादेहून येणारे, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांचे इवलेसे पक्षी सुरतेत एकेका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास ठेवतात आणि एकाने सूर लावला की बाकीचे त्याला साथ देतात, असे तो सांगतो. हीच आपली लाल मुनिया, ग्रंथांतली लाल मनोली. अहमदाबाद हे शहराचे नाव इंग्रजी उच्चारात मोडून 'अमदावात' आणि पुढे 'अवदावात' झाले. लिनिअसने १७५८ मध्ये पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा तेच 'अमंदावा' म्हणून कायम केले. अहमदाबाद हे तिचे मूळ घर नव्हे. तिथून ती विकली जाई, म्हणून पक्ष्याच्या नावात बाजारपेठ जाऊन बसली.

या पक्ष्यांबाबत असे नेहमीच होत आले आहे. दुकानात 'बेंगॉली' म्हणून मिळणारी फिंच बंगालची नाही. चीनमधून अठराव्या शतकात जपानला गेलेल्या पांढऱ्या पाठीच्या मनोलीपासून जपान्यांनी ती पिंजऱ्यात घडवली. मूळ मनोली आपल्या सह्याद्रीतही राहते, पण तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

हे पक्षी जहाजाने युरोपात पोचले, आणि तिथे ते जगवायचे कसे हा प्रश्न आला. जर्मनीत तोवर घरात पक्षी पाळण्याचे लेखी शास्त्र तयार झाले होते. योहान बेखश्टाइनचा घरगुती पक्ष्यांवरचा ग्रंथ १७९५ चा आहे. त्यात कोंड्यात वाढवलेल्या मीलवर्मची आणि मुंग्यांच्या 'अंड्यांची' चर्चा आहे. ही अंडी खरे तर मुंग्यांचे कोश असतात, पण बाजाराने दिलेले नाव टिकले. मीलवर्म म्हणजे पिठात वाढणाऱ्या एका काळसर भुंगेऱ्याची पिवळी अळी. ती धान्याच्या कोठारातली उपद्रवी कीड होती, तिचे पक्ष्याचे अन्न झाले. आपल्याकडेही धान्याला सोंडे लागत होते, पिठाला जाळी धरत होती. पण किड पडलेले धान्य आपण उन्हात घालून पाखडले, आणि कीड वेगळी करून तिची पैदास करावी असे कोणाला सुचले नाही. सुचण्याचे कारणही नव्हते. ज्याला वाळवीचे वारूळ दाराशी आहे, त्याने कोंड्याचा डबा कशाला सांभाळायचा?

जुन्या पक्षिपालकांनी लाल मुनियेबाबत एक गोष्ट वारंवार नोंदवली आहे. विणीच्या काळात नराला जो माणकासारखा रंग चढतो, तो अंधाऱ्या खोलीत कोरड्या दाण्यावर काढलेल्या नरात उतरत जातो. काही पक्षी तर काळवंडतात. ही मुनिया सर्वसाधारणपणे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वीण करते. गवताला दुधाळ दाणा येतो आणि पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाली वाळवी उडते, तोच हा काळ. रंग, पाऊस, ओला दाणा आणि किडा हे सगळे तिच्या शरीरात एकाच वेळापत्रकावर चालते. आपण तिला बाराही महिने राळे आणि बाजरी देतो, आणि ती अंडी का घालत नाही, घातलीच तर पिले चौथ्या दिवशी का मरतात, याचे कोडे घालत बसतो.

इथे सुगरणीचा दाखला घ्यावासा वाटतो, कारण तिचा संबंध थेट मराठी कवितेशी आहे. बहिणाबाईंची खोप्यावरची कविता पाठ नाही असा मराठी माणूस विरळा. १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून फिरत आहे. पुढे पक्षितज्ज्ञांनी एक दुरुस्ती लोकप्रिय केली, की खोपा विणतो तो नर. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणींचे निरीक्षण केले आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. नर अर्धवट खोपे विणतो, मादी त्यातला एक पसंत करते, आणि नर दुसऱ्या मादीसाठी दुसरा विणायला लागतो, हे त्यांनी दाखवले. तेव्हापासून कविता चुकीची आहे असे वर्गात सांगणारे शिक्षक आपल्याला भेटतात. पण मग पुढचेही सांगायला हवे. खोप्यात पिले आल्यावर नर बहुधा दुसऱ्या खोप्यात गुंतलेला असतो, आणि किडे-अळ्या आणून पिलांना भरवण्याचा मुख्य भार मादीवर पडतो. विणकामाचे श्रेय बहिणाबाईंनी चुकीच्या पक्ष्याला दिले असेल, पण पिलासाठी जीव टाकणारी आई त्यांनी बरोबर ओळखली. शेतात राबणाऱ्या बाईची नजर होती ती. दुरुस्ती करणाऱ्यांनी कवितेचा अर्धाच भाग तपासला.

आता आपण नाशिकला येऊ. भारतीय मुनिया पाळणे आज गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०-९१ मध्ये देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर आलेली संपूर्ण बंदी यांमुळे लाल मुनियेचा उघड बाजार संपला. चोरटा राहिला. अबरार अहमद यांनी १९९० च्या दशकात देशातल्या पक्षीबाजारांची पाहणी केली, तेव्हा भारतात आढळणाऱ्या सुमारे १२०० जातींपैकी तब्बल ३०० जाती विक्रीत आढळल्या. साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून विदेशी म्हणून खपवण्याचे प्रकारही त्यांनी नोंदवले. रंग चाटूनपुसून पोटात जातो आणि पक्षी महिन्याभरात मरतो, ते वेगळेच. शहरातल्या घरांतून आज उघडपणे दिसतात त्या ऑस्ट्रेलियन वंशाच्या झेब्रा आणि गोल्डियन, जपानी बेंगॉली, आणि जावा. यांतली जावा तिच्या मायदेशी, इंडोनेशियात, पकडून पकडून संकटग्रस्त झाली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव असल्याने २०२४ च्या नियमांनुसार ती पाळणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते.

या सगळ्यांना 'फिंच' म्हणून एकच खाद्य लावणे ही पहिली चूक. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातली. ती रानातही पिलांना मुख्यतः गवताचे पिकलेले आणि अर्धे पिकलेले दाणेच भरवते. तिला भिजवून मोड आणलेले राळे, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि थोडा हिरवा पाला मिळाला तर किड्यावाचून अडत नाही. लाल मुनियेच्या जवळच्या आफ्रिकी फिंचांचे तसे नाही. पिले असताना किडा मिळाला नाही, तर त्यांतल्या काही पिलांना घरट्याबाहेर टाकतात. नवख्या पाळणाऱ्याला हा क्रूरपणा वाटतो. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर पुरवठाच नाही, तेव्हा कुटुंब वाढवायचे नाही, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

आणि किडा चारायचाच तर आणायचा कुठून? इथे नाशिकचे नाशिकपण आडवे येते. जुन्या पारध्याने बांधावरून नाकतोडे धरले असते, वारूळ फोडले असते. आज निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. कोवळ्या फुटीवर उडद्या भुंगेरा येतो, मग फुलकिडे, मग मिलीबग, आणि प्रत्येकासाठी वेगळे औषध. काही औषधे आंतरप्रवाही असतात. मुळाशी आळवणी केली की वेलीच्या रसात उतरतात, म्हणजे पान धुऊन भागत नाही. अशा बागेच्या बांधावरचा नाकतोडा उड्या मारताना दिसला तरी त्याच्या पोटात काय आहे सांगता येत नाही. दहा-बारा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला विषबाधा व्हायला फारसे लागत नाही. शहरातल्या वाळवीचीही तीच कथा. जिथे वाळवी दिसते, तिथे तिच्यासाठी औषध टोचलेले असण्याची शक्यता अधिक. घरातले झुरळ तर मुळीच चालणार नाही. रानातून आणलेला किडा विषमुक्त निघाला, तरी भुंगेरे, माश्या आणि गांडुळे यांच्यातून पट्टकृमी आणि श्वासनलिकेतले कृमी पक्ष्यात शिरतात, हा धोका उरतोच.

म्हणून बेखश्टाइनचा डबाच शेवटी आपल्या घरी येतो. गव्हाच्या कोंड्याचा थर, ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती, वर जाळीचे झाकण. चकती बुरशी धरण्याआधी बदलावी लागते, कारण बुरशीचे बीजाणू पक्ष्याच्या फुप्फुसात घर करतात. कोंडा घेताना त्यात धान्य टिकवायच्या गोळ्या किंवा पावडर घातलेली नाही याची खात्री करावी लागते. ते विष अळीतून पक्ष्यात जाते. मीलवर्म जिवंत गिळला तर पक्ष्याचे पोट पोखरून बाहेर येतो, असा एक समज पाळणाऱ्यांत आहे. तो निराधार आहे. चोचीत चिरडली गेलेली अळी पोटातल्या पेषणीतून सुटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. या अळीचे कवच पिलांना जड जाते, म्हणून लहान किंवा नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी निवडावी. तिच्यात स्फुरद भरपूर आणि चुना नगण्य असतो. नुसत्या मीलवर्मवर वाढवलेल्या पिलांची हाडे मऊ राहतात, आणि अंड्यावर आलेल्या मादीला अंडे अडण्याचा त्रास होतो. त्यावर इलाज म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेन टांगतात. माखल्याच्या पाठीतला हा पांढरा तुकडा आपल्या आयुर्वेदाला पूर्वापार ठाऊक आहे, काष्ठौषधींच्या दुकानात तो कानाच्या औषधासाठी मिळायचा. अळ्यांना देण्याच्या आदल्या दिवशी पालेभाजी आणि चुन्याची भुकटी खाऊ घालण्याचीही पद्धत आहे. मासेमारीसाठी सडक्या मांसावर वाढवलेल्या माशीच्या अळ्या मात्र पक्ष्याला कधीही देऊ नयेत. त्यांच्यातून येणाऱ्या विषाने मान लुळी पडून पक्षी मरतो.

शाकाहारी घरांत आजही हा डबा गॅलरीत, कधी माळ्यावर लपवून ठेवला जातो. आजीला सांगायचे नाही, असा करार असतो. ज्यांना अळी हाताळणे जमत नाही ते केळ्याची साल बाटलीत ठेवून फळमाश्या जमवतात. त्या पिंजऱ्यात सोडल्या की मुनिया-वर्गातले पक्षी हवेत उडी मारून त्या टिपतात. त्यांच्या नैसर्गिक वागण्याच्या सर्वांत जवळ जाणारी हीच रीत आहे, आणि तीत कोणाला हाताने काही मारावे लागत नाही. ससाण्याच्या प्रश्नाला इतके सौम्य उत्तर उशीनराला सुचले असते तर वनपर्वाची एक गोष्ट कमी झाली असती.

पिंजऱ्याबाहेरचा हिशेब याहून अवघड आहे, आणि त्यालाही नाशिकचाच संदर्भ आहे. नाशिकच्या महंमद दिलावर यांनी स्थापन केलेल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून सुरू केला. चिमण्यांसाठी लाकडी घरटी आणि दाण्यापाण्याची भांडी लोकांच्या गॅलऱ्यांत आली ती या चळवळीमुळे. त्यातल्या दाण्याच्या भांड्याचे लोकांनी मनापासून स्वागत केले, कारण ते आपल्या पुण्यकल्पनेत बसते. पण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात केट व्हिन्सेंट यांनी २००५ मध्ये पूर्ण केलेल्या संशोधनातून दिसले ते असे, की शहरातली चिमणीची पिले घरट्यातच दगावतात, आणि त्याचा संबंध किड्यांच्या तुटवड्याशी आहे. प्रौढ चिमणीला दाणा मिळतो, घरटे मिळते, ती अंडी घालते, पण मावा, अळ्या, कोळी मिळत नाहीत. चीनमध्ये १९५८ साली चिमणी धान्य खाते म्हणून तिच्याविरुद्ध मोहीम काढली गेली, तेव्हा तिच्या चोचीतला किडा कोणी मोजला नव्हता. पुढच्या हंगामांत पिकांवर किडी वाढल्या आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या यादीतून काढून ढेकणाचे घालावे लागले.

नाशिकजवळ गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. पर्यटक तिथे हिवाळ्यात येतात, बदके आणि रोहित पाहायला. पण मनोली पाहायच्या असतील तर पावसाळा सरताना जावे. काठच्या पाणगवताला दाणा आलेला असतो आणि थवे त्यावर उतरत असतात.